चार दात आणि एक मिक्सर

...आणि वर लोक मलाच विचारतात, "घसा कशानं बसला हो?" आता काय सांगायचं? भाषण केलं नाही, गाणं म्हटलं नाही, बायकोशी भांडलो म्हणावं तर तिथं माझा आवाज चढायच्या आधीच निकाल लागलेला असतो! घसा बसलाय तो लेकीच्या जेवणापायी. वय महिने दहा, तोंडात चार दात, आणि चावायचं नाव नाही!

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. माझं मिक्सर दुरुस्तीचं दुकान, बावीस वर्षं झाली. आता अशा माणसाची लेक पहिला घास खाणार, तर घरचा मिक्सर कसा हवा? नवी पाती बसवली, मोटर उघडून साफ केली, आणि गाजर असं वाटलं, असं वाटलं, की दोन बोटांत चोळलं तरी कण लागायचा नाही. वर पुन्हा गाळणीतून गाळायचो! सासूबाई म्हणायच्या, "जावईबापू, पोरीला भरवताय की भिंतीला रंग देताय?" मी हसायचो. म्हटलं, यांना काय कळतंय कारागिरीतलं! चार महिने बाईसाहेबांनी ते रेशीम गिळलं आणि मग झालं काय, की मोहरीएवढी गाठ जिभेला लागली तरी अख्खा घास बाहेर. वर माझ्याकडे अशी बघायची, जणू गिऱ्हाईक दुरुस्त केलेला मिक्सर परत घेऊन आलंय. तोंडात चार दात, आणि चावायचं नाव नाही!

बरं, घाई नसती तर म्हटलं असतं, चावेल सावकाश. पण घाई होती ना! आमची ही बस चालवते. मोठी, दोन दारांची. तिची रजा सोमवारी संपत होती, आणि पाळणाघरातल्या ताईंनी स्वच्छ सांगितलेलं, "दादा, मुलं बारा आणि आम्ही दोघी. पातळ भरवत बसायला हात नाहीत. हातात दिलेलं खायला लागली की आणा." म्हणजे पोरीनं चावलं तर बायको कामावर, नाही चावलं तर बायको घरी. आणि घरी बसून तिचं काय होत होतं, ते मी बघत होतो. खालून बस गेली की ही खिडकीत. नुसत्या आवाजावरून सांगायची, याचा गिअर नीट पडत नाहीये. पुसायला ताट घेतलं की दोन्ही हातांनी धरून वळवायची! एक दिवस म्हणाली, "नसेलच जमत, तर सोडते नोकरी." अगदी साधं म्हणाली, कोपऱ्यावर जाऊन दूध आणते म्हणावं तसं. 

मग काय, लागलो कामाला... अहो, काय नाही केलं? बटाटा उकडून बोटाएवढा कापून दिला, तो तिनं केसांना लावला. केळं दिलं, ते खुर्चीला भरवलं. पाव दिला, तो कुस्करून खाली टाकला आणि वाकून बघत बसली, नीट पडला का ते! मी समोर बसून चावून दाखवतोय, हे बघ, असं... असं... आणि बाईसाहेब टाळ्या वाजवताहेत. आठवड्यात माझं वजन दोन किलो वाढलं, तिचं जिथल्या तिथं. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही छान तयार झालात, तुम्हालाच ठेवू पाळणाघरात." दहा महिने पूर्ण, तोंडात चार दात, आणि चावायचं नाव नाही!

उजाडला रविवार. मी हात टेकले. तिच्या मुठीत उकडलेलं गाजर, तासभर नुसतं धरलेलं, आणि मी वैतागून गिऱ्हाइकाचा एक मिक्सर घरी आणला होता तो जोडला आणि रिकामाच फिरवला. घुर्रर्र... वळून बघतो तर काय, बाईसाहेबांचा आ! गाजर तोंडात! आणि ते चार दात... चावताहेत हो! मिक्सर बंद केला, तोंड बंद. चालू केला, तोंड चालू. एक नंबरवर सावकाश, दोनवर जरा जोरात, तीनवर तर गाजर संपवून स्वतःचं बोट चावायच्या बेतात! चार महिने आधी मिक्सर आणि मग घास. पोरीच्या लेखी जेवण म्हणजे तो आवाज, बाकी सगळा खेळ. ही दारात उभी होती. तशीच आत गेली आणि युनिफॉर्म इस्त्री करायला घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं मोटरच्या धुरानंही आलं असेल, कारण रिकामी फिरून ती जळायला लागली होती, पण बाकीचं माझंच.

सोमवारी पाळणाघरात पिशवी दिली. दोन झबली, टोपी आणि मिक्सर. ताई म्हणाल्या, "दादा, मुलं झोपतात इथं. हा घरी न्या." आवाजाचं रेकॉर्डिंग दिलं, तर ते फोनमधून असं खरखरलं, जणू पाती गंजलीत. बाईसाहेबांनी बटाटा भिरकावला... शेवटी लेक कुणाची! मग मी दुकानातून फोन लावला आणि तोंडानं केलं, घुर्रर्र. पसंत!

तेव्हापासून रोज बारा वाजता ताईंचा फोन. "दादा, आज बटाटा आहे, दोन नंबर लावा." परवा म्हणाल्या, जरा मोठ्यानं करा, आता बाकीचीही तुमच्याशिवाय खात नाहीत! तिकडे ही खुशाल बस चालवतेय, आणि इकडे मी भर दुकानात, समोर गिऱ्हाईक, डोळे मिटून घुर्रर्र. काल एक बाई शांतपणे माझं संपेपर्यंत थांबल्या, आणि आपला मिक्सर पुढे ठेवून म्हणाल्या, "याचाही आवाज अस्साच करून द्या."

दिला करून. दुरुस्तीची गॅरंटी मी सहा महिन्यांची देतो. माझी स्वतःची किती दिवसांची आहे, ते बाईसाहेबांना विचारावं लागेल.