कप्तान काही बाहेर येत नाहीत

...आणि वर मलाच विचारतात, "ताई, घसा बसला का हो?" बसला म्हणजे काय, गेलाच. मिठाच्या पाण्याने गुळण्या करून करून जीव मेटाकुटीला आला, आमचे हे म्हणतात घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच अनुभवतोय, आणि हे सगळं कुणासाठी? तर शेजारच्या कप्तानांसाठी. कप्तान म्हणजे बोटीवरचे किंवा फौजेतले नव्हेत हं. फुटबॉलमधले. तेही एकाच मॅचपुरते, खऱ्या कप्तानाचं पोट बिघडलं होतं म्हणून. पण दंडाला ती पट्टी एकदा बांधली ती बांधली, तेव्हापासून दुधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी त्यांना कप्तानच म्हणायचं. त्यांची बायकोसुद्धा म्हणते. म्हणजे, रागावली की म्हणते.

आता मला फुटबॉलमधलं काय कळतं? काही नाही. पण आमची त्यांची भिंत एक, गॅलऱ्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि देवाने कान दिलेत. त्यामुळे या माणसाची अख्खी कारकीर्द मला तोंडपाठ आहे. डावीकडचे बचावपटू. म्हणजे काय, तर समोरच्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. ते त्यांना कितपत जमायचं मी नाही सांगू शकत, पण स्वतः मैदानाबाहेर जायचं नाही, हे मात्र फार छान जमायचं. तुम्ही बघितलं असेल, खेळाडू दमला की कडेला एक जण नंबरचा बोर्ड वर धरतो, मग ज्याचा नंबर असेल तो मुकाट्याने बाहेर येतो आणि दुसरा ताजातवाना आत जातो. यात अवघड काय आहे, सांगा ना. पण कप्तानांचा नंबर वर गेला रे गेला की हे खाली वाकायचे आणि बुटाची नाडी बांधायला घ्यायचे. एक पाय झाला की दुसरा. मग मोजे. मोजे झाले की गोलकीपरपाशी जाऊन काहीतरी फार महत्त्वाचं बोलायचे. तो बिचारा म्हणायचा, "कप्तान, तुम्हाला बोलावतायत." तर हे, "तू समोर बघ." आणि गंमत ऐका, नियमच असा आहे म्हणे, की ज्याला बोलावलंय तो निघायलाच तयार नसेल तर खेळ तसाच पुढे चालू. दंडाला धरून कुणी काढत नाही. अख्ख्या संघात हा नियम एकट्या यांना पाठ. बाकीच्या नियमांशी कधी फारसा संबंध आला नसावा.

मी म्हणते, माणसाला बाहेर कधी पडायचं ते कळायला हवं की नको?

चाळिशी उलटली तरी खेळतायत. गुडघे गेले, जिना उतरायचे ते खेकड्यासारखे तिरके, आणि समोरच्या संघातली पोरं "काका, जरा सरकता का" म्हणून बॉल घेऊन पुढे जायची. हे सरकायचेही, सवयीने. शेवटी क्लबने हार घातले, भाषणं केली, एक मोठं घड्याळ दिलं आणि गेटपर्यंत पोचवून आले. झालं. कप्तान घरी.

काय सांगू तुम्हाला ते दिवस. यांना घरात वेळ जाईना, मग यांनी आमचा घालवायला सुरुवात केली. जिन्यात कुणी कुठल्या बाजूने चढायचं याच्या खडूने रेघा मारल्या. मी आपली भाजीची पिशवी घेऊन चढतेय, आणि वरून आवाज, "ताई, मधोमध येऊ नका, जागा सोडा, जागा सोडा." अहो, जिना माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचा आहे, मला कोण जागा शिकवणार? आमच्या ह्यांना गाड्या लावतात तिथे उलटं पळायला लावलं. उलटं. हे एका स्कूटरवर जाऊन बसले, म्हणजे बसले नाहीत, पडले. आणि वहिनींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, हाल तर विचारू नका, त्या भांडी घासतायत आणि हा माणूस मागे उभा, "डावा हात रिकामा का आहे? डाव्या हाताला कामाला लावा." एक दिवस वहिनी माझ्याकडे आल्या, पदराला हात पुसत, आणि इतकंच म्हणाल्या, "ताई, यांना कुठेही नोकरी लागू दे. पण लागू दे."

मग काय, मीच गेले क्लबच्या सेक्रेटरीकडे. हो, मला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणीतरी जायला नको? तो फार सभ्य माणूस. म्हणाला, "बाई, खूप प्रयत्नांनी आम्ही त्यांना मैदानाबाहेर काढलंय." मी म्हटलं, "तुम्ही बाहेर काढलंत ते आमच्या जिन्यात आलेत." त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "प्रशिक्षक करतो. निदान रेषेच्या पलीकडे तरी उभे राहतील."

अशी झाली बघा ती नेमणूक. आणि कप्तान जगाला सांगतात, माझ्या अनुभवाची कदर झाली.

आणि दिवे काय लावले? तीन वर्षं संघ हरतोय. हे रेषेवर उभे राहून ओरडतात, "मी असतो तर..." अहो, होतात ना तुम्ही, बघितलं ना सगळ्यांनी. शेवटी या वेळी अशी पाळी आली की राहिलेली एक मॅच जिंकली नाही तर संघ खालच्या गटात, बरोबरीसुद्धा चालणार नाही. आणि सेक्रेटरीने स्वच्छ सांगितलं, हरलात तर उद्यापासून घरी.

घरी. तुम्हाला कल्पना नाही या एका शब्दाने आमच्या बिल्डिंगची काय पाचावर धारण बसली. खालच्या शिंपीणबाई, वरचे पेन्शनर, एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही ते सगळे रविवारी दुपारी मैदानावर. कप्तानांचा ऊर भरून आला. "ताई, माझ्या शेवटच्या परीक्षेला तुम्ही सगळे आलात." मी म्हटलं, "यावंच लागलं."

वहिनी माझ्या शेजारी, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या. मी मात्र ओरडत होते. कुठल्या बाजूने ओरडायचं ते आमचे हे सांगत होते. एक गोल त्यांचा, एक आपला, आणि वेळ संपत आलेला. आता आपल्या संघात एक नऊ नंबरवाला आहे, टक्कल पडलेला, फार जुना खेळाडू, कप्तानांचा लाडका चेला. त्याला धाप लागलेली, चालवत नव्हतं. कप्तानांनी बोर्ड वर करायला लावला. नऊ नंबर, बाहेर ये.

नऊ नंबर खाली वाकला. नाडी बांधायला लागला.

वहिनींनी माझा हात इतका जोरात धरला की बांगडी रुतली. "ताई," म्हणाल्या, "हे तर..." मी म्हटलं, "हो. तेच."

एक पाय झाला, दुसरा झाला, मोजे झाले, स्वारी निघाली गोलकीपरकडे. इकडे कप्तान लालबुंद, "अरे, निघ बाहेर! कुणासमोर करतोयस हे? मला शिकवतोस?" आणि तो लांबूनच हात हलवतो, पुढे बघा, पुढे बघा म्हणून. तुम्हीच सांगा, माणसाला बाहेर कधी पडायचं ते कळायला हवं की नको? हे कप्तान म्हणतायत बरं का. अगदी याच शब्दांत. ओरडून. वहिनींनी तोंडाला पदर लावला, रडत होत्या की हसत होत्या मी विचारलं नाही.

आणि मग या गृहस्थांनी काय करावं? रेषा ओलांडून सरळ आत. त्या टकल्याची कॉलर धरली आणि ओढायला लागले. शिट्ट्या वाजल्या, खेळ थांबला, रेफरी धावत आला आणि त्याने लाल कार्ड काढून धरलं. कुणासमोर? कप्तानांसमोर. चला बाहेर.

आता हे वाकले.

खरंच सांगते, आजूबाजूला एकसुद्धा माणूस हसला नाही, इतके सगळे थकले होते. रेफरी घड्याळ बघतोय, दोन्ही संघ कमरेवर हात ठेवून उभे, नऊ नंबर गवतावर पाय पसरून निवांत पाणी पितोय, आणि कप्तान नाडी बांधतायत. शेवटी वहिनी उठल्या. पर्स माझ्या हातात देऊन मैदानात गेल्या. मी मागोमाग होतेच, पर्स द्यायला नको? त्या त्यांच्याजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "गॅस चालू राहिलाय म्हणून सांगा हवं तर. पण उठा आता." आणि उठले हो. पहिल्यांदा, आयुष्यात.

आम्ही गेटबाहेर पडतोय तोच मागे एवढा मोठा गलका. नऊ नंबरने गोल मारला होता. मारणारच, या सगळ्या तमाशात त्याची झक्कास विश्रांती झाली होती. कप्तान परत आत धावायला निघाले, तर एक दंड वहिनींनी धरला, एक मी.

तर जिंकलो. संघ वाचला, नोकरी वाचली, बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतः घरी आला. मी साखर मागायला म्हणून तिथेच होते. तो म्हणाला, "कप्तान, तीन वर्षं तुम्ही मैदानावर होतात, ते आम्ही बघितलं. काल तुम्ही गेटबाहेर गेलात, तेही बघितलं. तेव्हा पद तुमचंच, पगार तोच. फक्त यापुढे मैदानावर यायचं नाही. घरूनच मार्गदर्शन करायचं."

"किती दिवस?" वहिनींनी विचारलं.

"कायम," तो म्हणाला, आणि चहा न पिताच गेला.

कप्तानांचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू. "ताई, ऐकलंत? कायम केलं मला." गॅलरीत जाऊन त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं, जिन्याकडे बघितलं, आणि खिशातून शिट्टी काढून शर्टाला पुसायला लागले. मी साखर तिथेच ठेवून घरी आले आणि ह्यांना म्हटलं, "माळ्यावरचे कॅनव्हासचे बूट काढून ठेवा."

हे म्हणाले, "कुणाचे?"

म्हटलं, "दोघांचे."