छत्तीस वर्षांची ठकू

दादा : तू रात्री मोबाईलवर बघितलंसच, पण म्हटलं कागद काढूनच न्यावा. हे बघ. इथे लाल, इथे लाल, इथेही लाल. सहा वर्षांच्या पोरीच्या रक्तात इतकं लाल असतं का गं? आता औषध काय ते सांग. मी मागे हटणार नाही.

धाकटी : हो, हो. आधी बस. ते छोटं स्टूल पेशंटचं आहे, मोडशील, ती खुर्ची घे. आणि हात कसले भरलेत तुझे? ग्रीस?

दादा : लिफ्ट अडकलीय दोन मजल्यांच्या मध्ये. कामावरच्या जोडीदाराला तिथेच सोडून आलोय.

धाकटी : आत माणसं आहेत?

दादा : रिकामी आहे गं. तू कागद बघ.

धाकटी : बघते. जेवण बाजूला सारू दे. बाहेर बाळं रडायला लागली की मला उठावं लागेल, तेवढ्यात सांग. ठकूला काही होतंय का? ताप, पोटदुखी? खेळता खेळता बसून राहते?

दादा : छे! काल सकाळी सोफ्यावरून उड्या मारत होती. शाळेने सांगितलं, मुलांच्या साध्या तपासण्या करून घ्या, म्हणून केली. पण आत काय चाललंय ते उड्यांवरून कळतं का? हे बघ, अल्कलाइन का काय ते. दुपटीच्या वर! मी नेटवर वाचलं. लिव्हर म्हणतात, हाडांचा कॅन्सर म्हणतात.

धाकटी : नेटवर शिंक शोधलीस तरी तेच म्हणतात.

दादा : चेष्टा नको गं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

धाकटी : बरं, नाही करत. ऐक. हाडं वाढत असली की हे अल्कलाइन रक्तात जास्त सापडतं. तुझीमाझी हाडं वाढायची थांबली, म्हणून आपलं कमी. ठकूचं जास्तच असायला हवं.

दादा : म्हणजे?

धाकटी : म्हणजे ती उंच होतेय. तो भिंतीवरचा जिराफ बघ, उंची मोजायचा. मागच्या वेळी ती त्याच्या गळ्यापाशी होती. आता कानाला लागेल.

दादा : मला कळलंच नाही. घरी जातो तेव्हा ती आडवीच असते, झोपलेली.

धाकटी : कळेल आता.

दादा : आणि हे हिमोग्लोबिन? खाली जाणारा बाण आहे त्याच्यापुढे.

धाकटी : तिच्या वयाला अगदी चांगलं आहे. हे क्रिएटिनिन, यालाही खाली बाण. ते स्नायूंमधून येतं. तिच्या दंडात स्नायू ते केवढे, कमीच येणार ना? आणि या पांढऱ्या पेशी, यातला हा प्रकार मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्तच असतो. दादा, यातला एकही आकडा मला खटकत नाही. खटकतंय ते वेगळंच. शेजारी जी मर्यादा छापलीय, ती मोठ्या माणसाची आहे. मुलांच्या रिपोर्टवर अशी कशी... थांब. वरची ओळ वाच.

दादा : कुठली?

धाकटी : नावाच्या खालची. मोठ्याने वाच.

दादा : वय... छत्तीस. पुरुष.

धाकटी : कोण आहे आपल्या घरात छत्तीस वर्षांचा पुरुष?

दादा : मी.

धाकटी : नोंदणी कुणी केली?

दादा : मीच. माझ्याच मोबाईलवरून. नाव खोडून तिचं घातलं. बाकीचं सगळं आधीच भरलेलं होतं, म्हटलं चला, काम सोपं झालं. रक्त घ्यायला बाई आली, तीही नाव विचारून मोकळी झाली.

धाकटी : आणि मशिनने मुकाट्याने आमच्या ठकूला तुझ्या मापाने मोजलं. आता मला सांग, मालाच्या लिफ्टची वजनाची पाटी तू माणसांच्या लिफ्टला लावलीस तर काय होईल?

दादा : नोकरी जाईल.

धाकटी : बघ! मग आता... दादा? अरे, रडतोस काय? पोर ठणठणीत आहे. पाणी देऊ?

दादा : नोकरी गेलीय गं. माझी नाही.

धाकटी : कुणाची? वहिनीची?

दादा : रात्री म्हणाली, सकाळी दुकान उघडलं की सोडते म्हणून सांगते. मी उठलो तेव्हा ती निघूनही गेली होती.

धाकटी : अरे, पण का? आत्ता कुठे तीन महिने झाले! सहा वर्षं घरात काढून तिने ती नोकरी मिळवली. त्या चष्म्याच्या दुकानात तिला बघितलंयस कधी? माझी फ्रेम बसवत होती तेव्हा असा काही चेहरा होता तिचा, जसं काही सगळं दुकान तिचंच आहे.

दादा : बघितलं नाही. कधी गेलोच नाही.

धाकटी : तू काय बोललास तिला?

दादा : रिपोर्ट आला आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, लोकांच्या नाकावर चष्मे बसवतेस आणि घरात पोर सुकत चाललीय ते तुला दिसत नाही.

धाकटी : असं म्हणालास?

दादा : आणखीही म्हणालो.

धाकटी : सांग.

दादा : म्हटलं, तुझी नोकरी सुरू झाली आणि हिचं रक्त आटलं. म्हटलं, आमच्या आईने आम्हाला असं वाऱ्यावर सोडलं नाही कधी.

धाकटी : आपल्या आईने? आपली आई दोन-दोन पाळ्या करायची! आणि मला सांभाळायचं सोडून तू शेजारच्या काकूंच्या गळ्यात मारून खेळायला पळायचास. विसरलास?

दादा : विसरलो नाही. बोलताना सोयीने विसरलो.

धाकटी : मग वहिनी काय म्हणाली? ऐकून घेतलं?

दादा : आधी भांडली. चांगली भांडली. म्हणाली, तू कधीपासून डॉक्टर झालास, छोटीला विचार. म्हणून मी तुला रिपोर्ट पाठवला. तुझं उत्तर आलं, ते तिच्या पुढ्यात धरलं. मग म्हणाली, सोडते दुकान.

धाकटी : माझं उत्तर? मी कुठे काय लिहिलं?

दादा : अंगठा दिलास ना. मी विचारलं होतं, 'काळजीचं आहे ना गं?' त्याच्याखाली तुझा अंगठा.

धाकटी : अरे देवा.

दादा : मला वाटलं, तू हो म्हणालीस.

धाकटी : मी तो उघडलाच नव्हता रे. दिवसभर वॉर्डात होते. दारात चप्पल काढताना मोबाईल बघितला, तुझं नाव, खाली कसलासा कागद. म्हटलं, सकाळी बघू. अंगठा म्हणजे 'पोचलं', एवढंच. आणि सकाळी विसरले. आत्ता तू आलास तेव्हा आठवलं, तर लाजेने बोलले नाही. लोकांच्या पोरांचे रिपोर्ट मी दोन-दोनदा वाचते, दादा. आणि आपल्या ठकूचा...

दादा : तुझा काय दोष? बोललो मी.

धाकटी : बोललास तू, पण शिक्का माझा बसला. तुझं तिने ऐकलं नव्हतं, माझं ऐकलं. लाव फोन. आत्ताच्या आत्ता.

दादा : दुकानात गिऱ्हाईक असेल.

धाकटी : रात्री तोंड सोडताना वेळकाळ बघितली होतीस? लाव. स्पीकरवर लाव, मलाही बोलायचंय.

(फोन स्पीकरवर. पलीकडे दुकानाच्या दाराची घंटी वाजते.)

वहिनी : बोल. काय म्हणाली छोटी?

धाकटी : वहिनी, मीच आहे. ठकू अगदी छान आहे. रिपोर्टमध्ये काही म्हणजे काहीही नाही.

वहिनी : मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस हं. मी सगळं ऐकायची तयारी करून बसलेय.

धाकटी : शप्पथ. तुझ्या नवऱ्याने नोंदणी करताना तिच्या नावापुढे स्वतःचं वय पाठवलं. छत्तीस वर्षांच्या बाप्याशी तुलना केली पोरीची, म्हणून सगळं लाल. संध्याकाळी येऊन मी तपासतेच तिला, पण काळजीचं काही नाही.

वहिनी : छत्तीस?

दादा : हो. माझंच चुकलं.

वहिनी : थांबा जरा. मला टेकू दे कुठेतरी. सकाळपासून एकेक आठवत बसलेय मी. कुठल्या दिवशी तिला घ्यायला उशीर झाला, कुठल्या रात्री नुसतं दूध पाजून झोपवलं.

धाकटी : वहिनी, तो अंगठा मी न वाचता पाठवला होता. मला माफ कर.

वहिनी : न वाचता?

धाकटी : हो.

वहिनी : रात्रभर त्या अंगठ्याकडे बघत होते गं मी. म्हटलं, छोटी चार शब्दसुद्धा लिहीना, म्हणजे तिलाही माझा रागच आला असणार.

धाकटी : नाही गं, वहिनी. मला कसला राग येतोय तुझा?

दादा : तू... सांगितलंस का दुकानात?

वहिनी : दार उघडल्या उघडल्या. मालक म्हणाले, सोमवारपासून दुसरी कुणी बघतो.

दादा : मी येतो तिथे. हात जोडून सांगतो त्यांना, की सगळी चूक माझी...

वहिनी : तू येऊ नकोस. नोकरी मी मिळवली होती, परत मागायची तर मीच मागेन. हो म्हणाले तर ठीक. नाही म्हणाले तर मात्र मी विसरणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

दादा : घाबरलो होतो गं. ते आकडे बघून डोकंच चालेना. रिपोर्टच चुकीचा होता ना...

वहिनी : रिपोर्टचं सोड. तो बरोबर असता तर?

दादा : म्हणजे?

वहिनी : खरंच तिला काही झालं असतं, तर काल जे बोललास ते बरोबर ठरलं असतं का?

धाकटी : दादा, बोल की.

दादा : नाही. तेव्हा तर मी तुझ्याजवळ बसायला हवं होतं. दोघांनी मिळून घाबरायला हवं होतं.

वहिनी : हं. बाई थांबल्यात इथे, मला जायला हवं. एक काम कर, आज ठकूला शाळेतून तू आण.

दादा : आणतो. लिफ्टचं जोडीदार बघेल. येताना तिला आईस्क्रीम घेतो, खूश होईल.

वहिनी : काल ती जागी होती.

दादा : झोपली होती ना?

वहिनी : तुझा आवाज चढला तेव्हा उठली. मी आत गेले तर पांघरुणात तोंड खुपसून पडलेली. म्हणाली, आई, मी डब्यातली भाजी टाकून देते ना, म्हणून माझं रक्त खराब झालं. तू सोडू नकोस दुकान. मी उद्यापासून सगळं खाईन.

धाकटी : बाई गं.

वहिनी : ऐकतोयस ना?

दादा : ऐकतोय.

वहिनी : आज तिचा डबा रिकामा असेल. शाबासकी देऊ नकोस.