“हात बाहेर, ठीक!”

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे मालक माननीय हिराता साहेब, व्यासपीठावरील प्रशिक्षण संस्थेचे प्रतिनिधी, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती इवाकिरी बाई, आणि व्हिएतनामहून जपानात काम शिकायला आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मी लिएन, तुमच्यासारखीच व्हिएतनामची, प्रेस विभागातली यंत्रतपासनीस. भाषणाची सवय नाही.

पत्रा दाबून आकार देणारी प्रेस चालवण्याआधी आपण बोट दाखवून मोठ्याने म्हणतो: “साचा पक्का, ठीक! हात बाहेर, ठीक!” आपल्यातल्या थामचा आवाज सगळ्यांत खणखणीत. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिने उजव्या हाताचं बोट दाखवलं, “हात बाहेर, ठीक!” म्हणाली, आणि पेडलवर पाय ठेवला. डावा हात साच्याखालीच होता.

साचा खाली यायच्या आत मागून इवाकिरी बाईंनी वीज तोडली. ओरडल्या नाहीत. आपल्याकडे खुशाली विचारतात तसं, मोडक्या व्हिएतनामीत विचारलं, “भात खाल्लास का गं?” (हसू नका. “बाई, भात विचारताय की भांडण काढताय?” असं त्यांच्या चुकलेल्या सुरावरून कोण चिडवायचं, मला माहीत आहे.)

“खाल्ला, बाई.”

“कधी?”

थाम रडायला लागली. “झोपच लागत नाही. पण डॉक्टर नको. आजारी म्हटलं की परत पाठवतात. आईला काय तोंड दाखवू?”

“तोंड नंतर दाखव, आधी धू. मी येते सोबत.”

त्या दर आठवड्याला सोबत गेल्या. दवाखान्याच्या बाकावर तिला संत्री सोलून देत बसल्या. तिला परत पाठवू नका, म्हणून कारखान्याकडे स्वतःचा शब्द टाकून अडून राहिल्या. थाम आज कामावर आहे, इथे पुढेच बसली आहे. हे सगळं तिला विचारूनच सांगते आहे.

प्रशिक्षणार्थींची काळजी घेण्याचं बाईंचं काम उद्यापासून माझ्याकडे. खरं सांगू? मला भीती वाटते. काल वसतिगृहात प्रत्येकीला विचारलं, “कशी आहेस?” सगळ्या म्हणाल्या, “ठीक, ताई!” खणखणीत. त्यातल्या कुणाच्या आवाजावर विश्वास ठेवू? बेअरिंग बिघडलं तर मला आवाजावरून कळतं. माणसांचं कळत नाही. या मैत्रिणींनी सांगितलं तरच कळेल. आणि त्या का सांगतील? माझ्या शब्दाला बाईंच्या शब्दाचं वजन नाही.

बाई, तुमचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. सभेचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

अध्यक्ष महोदय, एकच विचारते. उद्या यांतली कुणी मला म्हणाली, “ताई, मी ठीक नाही,” तर तिला परत पाठवणार नाही ना? उत्तर या सगळ्यांसमोर हवं आहे.

माईक तुमच्याकडे आणते.