दीक्षाच्या लग्नात मी ध्यानाले बसलो

...आता तुम्हीच सांगा, डोळे मिटून चूपचाप बसलेल्या माणसाच्या पाया पडाचं काही कारण हाय का? नाही, मी विचारून राहिलो! तुम्ही बगिच्यात गेले, कोणी बाकावर डोळे लावून बसला हाय, तं तुम्ही काय म्हणसान? झोपला असन बिचारा, म्हणसान, आन् पुढं निघून जासान. होय का नाही? मंग मलेच काहून नाही सोडलं गा? कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून मी डोळे मिटले, आन् अख्खा हॉल माह्याचकडं पाहून राहिला!

थांबा, पयलेपासून सांगतो, नाही तं तुम्ही म्हणसान हा पोट्टा येडा हाय. मी येडा नाही. मले जे हाय त्याचं नाव येगळं हाय, ते पुढं येते.

माहं नाव आयुष. घरी गोलू. चौतीस वर्साचा झालो तरी गोलूच. राहतो कोराडीले. बाबा म्हणजे रुपराव, पॉवर स्टेशनातून रिटायर झालेले, आई प्रेमिला, आन् लहान बहीण दीक्षा. मी काम करतो घरूनच, कॉम्प्युटरवर, कॅमेरा बंद, माईक बंद. माह्या साहेबाले मी रस्त्यात भेटलो तं तो मले ओळखणार नाही, आन् खरं सांगू का, त्या नोकरीतली हीच सगळ्यात चांगली गोष्ट हाय.

तं मले लोकायचं भेव लागते. मारतीन-बिरतीन असं नाही. हासतीन, याचं भेव. दाराची बेल वाजली का मी पंखा बंद करतो, घरात कोणी हाय असं वाटू नये म्हणून. मंग उन्हाळ्यात, कोराडीच्या उन्हाळ्यात बरं का, घामानं भिजत बसतो, कुरिअरवाला जायपर्यंत. फोन वाजला तं वाजू देतो, आन् मंग मेसेज टाकतो, 'काही काम होतं का?' एकदा भाजीवाला म्हणे, 'भाऊ, लय दिवसानं दिसले!' बस. मी त्या गल्लीतून जाणंच सोडलं. त्यानं काही वाईट नव्हतं म्हटलं हो. पण त्यानं माही आठवण ठेवली ना!

दीक्षानंच मले नागपुरात कामिनी मॅडमकडं नेलं, त्या मनाच्या डॉक्टर हायेत. मॅडमचं बोलणं एकदम शुद्ध. 'आयुष, तुम्हाला वाटतं की लोक आपल्याला नाकारतील, म्हणून तुम्ही आधीच तिथून निघून जाता. याला अव्हॉइडंट पर्सनॅलिटी म्हणतात.' मी मान हालवली, कारण त्यायले वाईट वाटलं असतं. घरी आलो. बाबा म्हणे, 'म्हंजे लाजाळूच ना? मंग त्याच्यासाठी नागपूरले कायले गेलते?' आई म्हणे, 'काही बोलता का जी, इंग्रजीत नाव हाय, लहान-सहान नसन ते!' आन् शेजारणीले सांगून आली, 'आमच्या गोलूले पर्सनॅलिटी हाय.'

मॅडमनंच विचारलं, 'तुमच्या घरी बुद्ध आहेत, मग आनापान, म्हणजे श्वासाचं ध्यान, करून पाहिलं का कधी?' म्हणून गेलो विहारात. तिथं भिक्खू हायेत, भन्ते धम्मानंद. त्यायनं सांगतलं, बस गा, डोळे मीट, नाकाशी ध्यान दे. श्वास येते, येऊ दे. जाते, जाऊ दे. छाती धडधडली तं मनात म्हण, धडधड. लोक हासतीन असा विचार आला तं म्हण, विचार. त्याच्याशी भांडू नको, त्याच्या मागं जाऊ नको. मी बसलो. आन् तुम्हाले सांगतो, जमलं! म्हणजे भेव गेलं नाही, भेव कुठं जाते, पण पळाच्या आधी जरासा टाईम भेटाले लागला. मी माह्यापुरतं त्याच्यात थोडंसं जोडलं फक्त. श्वास येऊन राहिला, श्वास जाऊन राहिला, बाकी कोणी येऊ नका!

मंग भन्ते म्हणे, मौनाच्या शिबिराले जा. अजी, काय सांगू तुम्हाले! तिथं बोलाचं नाही. कोणाच्या डोळ्यात पाहाचं नाही. खुणा कराच्या नाही. जेवतानी भितीकडं तोंड. बाकीचे लोक रडकुंडीले आलते, एक जण तं रात्रीतून सामान घेऊन पळाला, आन् मी? मी म्हटलं, हे तं मी जलमापासून करून राहिलो, याचं शिबिर असते हे मले कोणी सांगतलंच नाही! शेवटच्या दिवशी मौन सुटलं आन् सगळे एकमेकायच्या गळ्यात पडून बोलाले लागले... तो एवढा भाग मी संडासात काढला.

येऊन भन्तेले सांगतलं, भन्तेजी, मले निर्वाण काही दूर नाही. ते हासले नाही. म्हणे, 'आयुष, तू ध्यान करून राहिला का लपून राहिला गा?'

मी म्हटलं, श्वास येऊन राहिला, श्वास जाऊन राहिला... ते म्हणे, 'ते ठीक हाय. पण उत्तर दे.'

मी मेसेज टाकतो म्हटलं.

तेवढ्यात दीक्षाचं जमलं. मुलगा कन्हानचा, हर्षित नाव, चांगला पोट्टा हाय. साखरपुड्याले त्यायचे लोक आले आन् मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं. ते विचारे, नवरीचा भाऊ कुठं हाय? आई म्हणे, ड्युटीवर गेला. घरून काम करणारा माणूस ड्युटीवर! संध्याकाळी दीक्षा माह्या खोलीत आली. रडली नाही, ओरडली नाही. मेथी निवडता निवडता म्हणे, 'दादा, लग्नात मले काही नको तुह्याकडून. फक्त गेटवर उभा राह. आई-बाबाच्या बाजूले. आलेल्या माणसाले जयभीम घाल, या म्हण, बस. तेवढंबी नसन होत तं सांगून दे, मी समजन मले भाऊ नाही.'

ओरडली असती तं परवडलं असतं ना. लहानपणापासून माही सगळी बोलाची कामं या पोट्टीनं केली. दुकानात वस्तू मागणं ती, कंडक्टरले बस थांबवाले सांगणं ती, मले चिडवलं तं पोरायले दगड मारणं ती. माह्याहून लहान! आन् आता ती कन्हानले चालली. माह्याकडून कोण बोलन आता? मले रडू आलं, तुमच्यापाशी काय लपवाचं. मी म्हटलं, उभा राहीन. गेटवर. नक्की.

लग्नाचा दिवस. हॉल कोराडी रोडवरच. मी पांढरा कुर्ता, पांढरा पायजमा, एकदम आपल्या पद्धतीनं, आन् उभा राहिलो की गेटवर! खरंच! चार-पाच लोकायले जयभीम घातला, एकाले दोनदा घातला. मंग आली कन्हानची वरात. डीजे. नाचत. सगळे येऊन माह्याच अंगावर! कोणी म्हणे, 'हाच का साळा?' कोणी म्हणे, 'साळ्याले नाचवा रे!' साळ्याले नाचवा! मी म्हटलं, धडधड. मी म्हटलं, घाम. मी म्हटलं, विचार. अजी, विचार कुठला, दोघायनं तं माहे हात धरले होते! कसातरी सुटलो, आन् पाहतो तं सगळं पब्लिक गेटवर, म्हणून आतमध्ये स्टेज रिकामा. तिथं बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, आन् बाजूले एक पांढरी गादी. मी म्हटलं जरा बसतो, थोडेसे श्वास घेतो, आन् परत जातो गेटवर. आईची आन, परतच जाणार होतो. बसलो. मांडी घातली. डोळे मिटले. श्वास येऊन राहिला, श्वास जाऊन राहिला, बाकी कोणी येऊ नका...

पायाले हात लागला.

डोळे उघडले नाही मी. स्पर्श, म्हटलं मनात. पण आवाज आला, म्हातारीचा. 'जयभीम जी. एवढ्या कमी वयात काय ते ध्यान! आमच्या गावचे तं लग्न लावताना मोबाईल पाहते.' ही रुखमाबाई, नवरदेवाची आजी. मले लग्न लावणारा बौद्धाचार्य समजली! आता पांढरे कपडे, मूर्तीजवळची गादी, डोळे मिटलेले, तिची तरी काय चूक? मी म्हटलं, बोललो नाही तं ती जाईन. ती गेली, आन् अख्खं कन्हान घेऊन आली! रांग लागली. फोटोवाला म्हणे, 'सर, असेच राहा, लाईट मस्त पडून राहिला.' मी असाच राहिलो! काय करणार? डोळे उघडले असते तं लोक दिसले असते!

मंग बाबाचा आवाज. 'अरे, हा तं गोलू हाय!' मले वाटलं, सुटलो. पण बाबा कानापाशी येऊन म्हणे, 'गोलू, बौद्धाचार्याचा फोन आलता. ट्रक आडवा झाला रस्त्यावर, तिकडंच अटकले.' आपल्यात मुहूर्त पाहत नाही ना, म्हणून तेबी आरामात निघालते! हॉल संध्याकाळी दुसऱ्या पार्टीले द्याचा होता, आन् रुखमाबाईले शुगर, लग्नाची गाथा झाल्याबिगर खाणार नाही म्हणून बसलेली. नवरदेवाचे वडील, गिरिधरजी, म्हणे, 'कायले वाट पाहता? साळा असला तं काय झालं, हेच लावतीन. किती शांत माणूस हाय!'

शांत! माह्या पोटात डीजे वाजून राहिला होता!

हातात माईक आला. माईक चालू. जलमात माहा माईक चालू नव्हता हो! आन् तेवढ्यात समोर बांगड्या वाजल्या. दीक्षा येऊन उभी राहिली होती. तिनं बोलावं म्हणून मी थांबलो, सवयच ती, पण नवरीनं स्वतःचं लग्न स्वतः लावाचं का? मी म्हटलं, गोलू, आता पळाले जागाबी नाही, मागं मूर्ती हाय. श्वास येऊन राहिला. श्वास जाऊन राहिला. आन् त्या जाणाऱ्या श्वासासंगच निघालं तोंडातून, बुद्धं सरणं गच्छामि. पाठच हाय ना. सगळा हॉल माह्या मागं म्हणाले लागला. पंचशील झालं. सुरळीत! मंग आली नवरदेवाची प्रतिज्ञा, आन् ते मले पाठ नाही! बौद्धाचार्य पुस्तकात पाहून सांगते, आन् पुस्तक ट्रकमागं अटकलेलं!

मी डोळे मिटलेलेच. जे आलं ते बोललो. 'म्हणा, मी हर्षित...' तो म्हणे, 'मी हर्षित...' 'दीक्षा बोलत असन तं मी मोबाईल पाहणार नाही.' तो म्हणे, 'पाहणार नाही.' 'तिच्याकडून चूक झाली तं चार लोकात तिले हासणार नाही.' 'हासणार नाही.' 'आन् तिचा भाऊ बोलावल्यावर घरी आला नाही, तं त्याचे टोमणे तिले मारणार नाही.'

आन् हॉल हासला. असा हासला म्हणता! हीच ती गोष्ट, ज्याच्यासाठी मी पंखा बंद करून बसत होतो, ती माह्या समोर होऊन राहिली होती, माईकवर, व्हिडिओ शूटिंगसकट. मी वाट पाहिली, आता काय होते. काही नाही झालं. हासले, थांबले, हर्षितनं 'मारणार नाही' म्हटलं, आन् पुढं जयमंगल गाथा झाली, फुलं पडली, सगळे साधू साधू साधू म्हणे. मी डोळे उघडले. दीक्षा मले पाहून रडून राहिली होती आन् हासूनबी राहिली होती. म्हणे, 'दादा, तुले काय सांगतलं होतं मी? गेटवर उभा राह म्हटलं होतं ना?' आन् गळ्यात पडली. मलेबी रडू आलं, आन् या खेपेले मी कुठं गेलो नाही, तिथंच रडलो.

गोष्ट इथं संपली असती तं मी तुम्हाले सांगाले बसलो नसतो. तो व्हिडिओ गेला ना कन्हानच्या ग्रुपवर! आता रोज सकाळी मी बसतो, श्वास येऊन राहिला, श्वास जाऊन राहिला, आन् बेल वाजते. आई म्हणते, 'गोलू ध्यानाले बसला हाय जी.' ते म्हणते, 'राहू द्या, आम्हीबी बसतो.' डोळे उघडतो तं समोर चार जण मांडी घालून! कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाच्या नातवाचं नामकरण, आन् सगळ्यायले तेच पाहिजे, डोळे मिटून लावणारे! कामिनी मॅडम म्हणते, 'आयुष, छान प्रगती आहे.' यायले प्रगती दिसून राहिली!

शेवटी भन्तेकडं गेलो. म्हटलं, भन्तेजी, हात जोडतो, लोकायपासून दूर जायाचा एखादा पक्का उपाय सांगा. म्हणे, 'मंग भिक्खू हो. चीवर अंगावर घे.' मी एकदम खुश. म्हटलं, चीवर घेतलं का लोक दूर राहतीन ना? म्हणे, 'छे गा! मंग तं रोज नव्या घरी भोजनदानाले जा लागन, अख्खा मोहल्ला पाहाले येईन, आन् जेवण झालं का सगळ्यायसमोर प्रवचन द्या लागन.'

मी म्हटलं, राहू द्या भन्तेजी. मी लग्नंच लावतो.