साळूबाईसाठी थांबणारी गाडी

— तर बसा हो ताई, अजून अर्धा तास तरी कुठं जाताय. प्लग आमच्या भाताच्या गिरणीचा हाय आणि गिरणी आज बंद, म्हणजे लाईट सगळी तुमचीच. चार टक्के बॅटरी घेऊन पासलीला आलेल्या तुमी काय पहिल्या न्हाई — आठव्या. घाट बघायला निघायचं, चढानं बॅटरी खाल्ली की आमचं दार. परत उतरताना थोडी आपोआप भरंल बघा. आधी एक काका आले होते, त्यांनी सांगितलं. पण आमच्या ह्यांना पटंना. म्हणाले, उतारानं कधी डिझेल वाढलंय का? मी म्हटलं, तुमचं डिझेल न्हाई वाढत, ह्यांची लाईट वाढती.

मला तर ह्या गाड्या लई आवडतात. पेट्रोलवाले हॉर्न देऊन निघून जायचे, त्यांचं तोंडसुद्धा दिसायचं न्हाई. तुमाला बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, कुठल्या-काय सांगावं लागतं. आणि ड्रायव्हर नसलेली गाडीसुद्धा यायची म्हणे — तुमी बघितलीय? आमच्या जावेची वैष्णवी, नववीत हाय, तिनं मोबाईलवर दाखवली. स्टेरिंग आपलं आपण फिरतंय. असू दे, हमरस्त्याला चांगलीच हाय, झोप न्हाई, दारू न्हाई. पण हितं? हितं रस्त्याकडेची म्हातारी साळूबाई हाय ना. साळूबाई कधी थांब्यावर उभी राहिलीय? घरातनंच हात करती. तो हात म्हणजे नुसतं ‘थांबा’ न्हाई — म्हणजे चप्पल सापडत न्हाई, येते, जाऊ नका. हे त्या गाडीला कोण शिकवणार? चालंल ती आपोआप, पण आपोआप थांबंल का?

आमचे हे थांबतात. वीस वर्षं झाली, शाळेच्या पोरींची जीप वेल्ह्याला नेतात — ‘मानसिंगची जीप’ म्हणून कुणालाही विचारा. वाटेत कोण म्हातारं दिसलं की थांबलेच. गेल्या आठवड्यात तर काय केलं — साळूबाईच्या दारात म्हशीचा खुंटा हाय, त्यावर तिनं लुगडं वाळत टाकलेलं. हे थांबले. हॉर्न दिला. ये की गं साळूबाई, म्हणाले, पोरींना उशीर होतोय. पोरी हसल्या. हेही हसले. मीही लई हसले, आणि मग —

मग काय. चहा थंड झाला तुमचा.

बोलून गेले खरं. वेल्ह्यात कुणाला सांगू नका हं, ताई. ह्यांना मोतीबिंदू हाय, दोन्ही डोळ्यांत. काढायची तारीखही घेतलीय, त्याची काळजी न्हाई. पण तोवर दिवाळीची सुट्टी संपती, आणि नऊ पोरी हायेत. मीच ह्यांना म्हटलं, आता तुमी स्टेरिंगला हात लावायचा न्हाई. तर म्हणाले, मग काय तू नेणार? असं थट्टेनं म्हणाले, आणि मी म्हटलं, व्हय.

तसं मी शिकलेली हाय. कुठं म्हणजे? हितंच. जो चार्जिंगला थांबतो त्याला म्हणते, दादा, खळ्यात एक फेरी मारू द्या की. भात झोडून झालंय, खळं मोकळंच हाय. क्लच न्हाई, गेर न्हाई, अवघड काय त्यात? जीपला क्लच असतो, माहीत हाय मला, हसू नका. म्हणून तर जीप देऊन बिनगेरची घेतोय, सोमवारी येतीया. गुरुवारी माझी लायसनची परीक्षा. शिकाऊ लायसन हाय की, हे बघा, फोटो चांगला न्हाई आलेला.

पण सातजण आले ना, सातही बाप्येच. गाडी द्यायचे, पण हात काय ब्रेकवरनं काढायचे न्हाईत. मग चालवली कुणी, मी का त्यांनी? तुमी पहिल्याच बाई आलाय, एकट्या. म्हणून म्हणते, शेजारी बसा, पण हात मांडीवर ठेवा. आणि खळं न्हाई, पाण्याच्या टाकीपर्यंतचा रस्ता. सरळ हाय, साळूबाईच्या दारावरनं जातो, बाकी कोण नसतं.

व्हय? खरंच?

थांबा, वायर काढते. चौदा टक्के झाली, वेल्ह्याला पोचाल. पट्टा लावला. हे बटन ना? आवाज न्हाई म्हणून घाबरू नका, चालू झालीया. बघा, चाललीया — ह्यांनी खिडकीतनं बघितलं असंल, पण दिसलं न्हाई असणार, मग मीच सांगीन घरी गेल्यावर. अगं बाई, साळूबाईनं हात केला. चप्पल शोधतीया. आता जरा गप बसा, ताई — मला थांबायचंय.