अ‍ॅम्पचा दिवा लागला तेव्हा

आम्ही मूळचे कोकणातले, पण माझा जन्म आंबिवलीचा. बाबा कोलशेतला एका कंपनीत वायरमन होते, त्यामुळे पक्कड-टेस्टर घरात लहानपणापासून, गिटार नंतर आली, कॉलेजात. आता बायकांच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवते, साखरपुडे, हळदी, असंच सगळं.

काय सांगू तुम्हाला, वर्तकनगरला साखरपुडा होता, भर दुपारी. बाबा रिटायर झालेले, हौसेने ऐकायला आलेले, पहिल्या रांगेत बसलेले. मी वाजवायला गेले तर आवाजच नाही. पाहुणे बघतायत, आमची गाणारी सुषमा बघतेय. व्हॉल्यूम बघितला, फुल. केबल बदलली, नाही. जॅक हलवून बघितला, नाही. मग दिसलं, अहो, अ‍ॅम्पचा, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याचा, दिवाच बंद. डेकोरेशनवाला म्हणाला ताई प्लग गेलाय, एक मिनिट, आणि त्याने प्लग कापून दोन वायरी तशाच बोर्डात खोचल्या, वर घट्ट बसायला काडेपेटीच्या काड्या. शॉकपासून वाचवते ती अर्थिंगची वायर लोंबत राहिली. मी बघितलेलं, हो, वायरमनची मुलगी मी, बघितलेलं आणि गप्प बसले, कारण दिवा लागला, आवाज आला. घुंऽऽ करत होता, तारांना बोट लावलं की मुंग्या येत होत्या, तरी म्हटलं चालेल.

कोरस माझा होता. स्टँडवरच्या माइककडे वाकले, ओठ टेकले, आणि गिटारमधला करंट माझ्यातून माइकमध्ये गेला, हात तारांवर असा आवळला की सुटेना. ओरडायचंय, ओरडता येईना. सगळं दिसतंय, ऐकू येतंय, आणि मला वाटलं, गेले मी. माझी मुलगी शाळेतून येईल, तिच्याकडे चावी नाही, हेच डोक्यात, बघा. सुषमा धरायला धावली तर बाबा ओरडले, हात नको लावू तिला, आणि स्वतः मेन स्विचकडे धावले, गुडघे दुखतात त्यांचे, तरी धावले, खटका पाडला तेव्हा माझा हात सुटला.

ओठ भाजला, बोटं कितीतरी दिवस बधिर. गिटार कपाटावर टाकून दिली. बाबा रागावले असतील, त्याचीच जास्त भीती. शेवटी विचारलं, बाबा, रागावलात का, तर म्हणाले रागावू कशाला, मला त्या दिवसापासून घास गोड लागत नाही.

आता वाजवते परत. पण आवाज गेला की तोंडाला कोरड पडते, अजून. बोर्ड मी स्वतः बघते, पाहुणे खोळंबले तर खोळंबू देत. सुषमा म्हणते किती घाबरतेस गं. घाबरते, तर घाबरते. ही भीती काही जायची नाही आता, राहू दे. तुम्हीही जपा हो, सुखाने राहा.