मस्कतची उजवी बाजू

— न्हाई तात्या, पोरगी हितं ठेवणार न्हाई मी. तुमी बसा, पाणी प्या, पण ह्यांच्या आईनं, आत्याबाईंनी पढवून धाडल्यालं बोलू नका. ह्यांचं सख्खं चुलतं तुमी, मला सासऱ्याच्या जागी, म्हणून इतका येळ गप ऐकून घेतलं — पण समीक्षा बेस्तरवारी माज्यासंगंच इमानात बसणार. काय म्हणालासा? पोरीच्या कपाळावरचं टाकं? मी बघितलं न्हाईत व्हय? चार हायती. घालताना तिला मांडीवर मीच धरली हुती.

गावात काय उठलंय ठावं हाय मला. सातवी शिकल्याली आटपाडीची बाई, मस्कतात गाडी चालवाय निघाली, तिथं समदं उजव्या बाजूनं चालतंय, हिनं घातली डाव्या बाजूला न् पोरीचं डोस्कं फोडून घेतलं — आसंच ना? पण मी शिकले कशापायी, ते इचारलं का कुणी? ह्ये तिथं पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, दिवस उगवायच्या आत जात्यात. समीला धाप लागली की मी पोरगी खांद्यावर टाकून रस्त्यावर टॅक्सीला हात करत हुबी. दोनदा झालं तसं. मग म्हणलं, शिकायचंच. शिकवाय केरळची बाई हुती, तिला मराठी न्हाई, मला मल्याळी न्हाई, दोघी मोडक्या हिंदीत भांडायचो. चारदा नापास झाले, पाचव्यांदा सुटले. तिथं स्टेरिंग डाव्या अंगाला — नवरा चालवाय बसला की बायको सत्यनारायणाला बसल्यावानी त्याच्या उजव्या हाताला. हसू नका, मी तसंच ध्यानात ठेवलं. गोल चौकात डावीकडनं येणाऱ्याला आदी जाऊ द्यायचं, तर मी इतकी थांबायचे की मागचं हॉर्न मारून दमायचं. भित्री हाय मी, व्हय. पोरीचा पट्टा तीनदा वडून बघते, आरशात बघते, परत पट्टा बघते. भ्या हाय म्हणून तर दोन्ही बाजू बघते.

औंदा उसाच्या टायमाला ह्ये महिनाभर हिकडं आलं, तवा तिथं आमी दोघीच हुतो. दवाखाना, बाजार, समीची शाळा — समदं मीच केलं, गाडीला साधा वरखडा न्हाई. ह्यांना आणाय इमानतळावरबी मीच गेले. आन् मला सांगा तात्या, माजा हात डावीकडं जाईलच कसा? हितं मी कवा गाडी धरलीय? लुनाबी न्हाई. मला ठावी ती उजवीच बाजू. परवा मिरजंला जाताना एस्टी डाव्या अंगानं चालल्याली बघून माजाच जीव वर आला. हात डावीकडं कुणाचा जाईल? ज्यानं मागं दोन ट्रॉल्या जोडून पंधरा वर्सं कारखान्याला ऊस नेलाय त्याचा. महिनाभर परत त्योच ट्रॅक्टर हाकून आला, न् इमानतळावनं येताना पेट्रोल पंपावर मला म्हणला सरक तिकडं, न् पंपावनं भाईर काढताना मागं ट्रॉल्या हायत्या आसं समजून लांब वळण घेतलं न् सरळ डावीकडं —

न्हाई. काय न्हाई. च्या ठेवू का?

आसं बघू नका तात्या. आता तोंडातनं गेलंच. व्हय, ह्येच चालवत हुतं. समोरनं ट्रक आला न् ह्यांनी दुभाजकावर घातली. फोनवर आत्याबाईंनी इचारलं, कोण चालवत हुतं? तर ह्ये म्हणालं, "पूजा." माजं नाव सांगितलं, न् मी शेजारीच बसल्याली. गप बसले. का म्हंजे? मिसरूड फुटायच्या आदीपासनं ड्रायव्हर म्हणून मिरवल्याला माणूस, आईला काय सांगंल? म्हणलं, ऱ्हाऊ दे माज्या नावावर, माजं काय जातंय. तवा कुठं ठावं हुतं पोरगीच जाणार हाय म्हणून! आत्याबाईंनी समीला ठेवून घ्यायचं काढलं, तवा तरी खरं सांगतील आसं वाटलं. मस्कतातनं फोनवर काय म्हणालं ठावं हाय? "आई म्हणती तसं कर." येवढंच म्हणालं न् फोन ठेवला.

त्यांची लाज मी वर्सभर झाकली आस्ती तात्या. जलमभर झाकली आस्ती. पण पोरगी दिऊन न्हाई. आन् आता मला 'सांभाळून घे' म्हणू नका, लय सांभाळलं मी. समीचा पासपोर्ट आत्याबाईंच्या ट्रंकंत हाय, किल्ली त्यांच्या कमरंला. मी मागितला तर भांडाण हुतंय, तुमास्नी न्हाई म्हणायच्या न्हाईत. त्यांच्या लेकाचं सांगायचं का न्हाई ते तुमी ठरवा — सांगितलं तर मी न्हाई म्हणणार न्हाई. पण पासपोर्ट आजच पायजे.

बसून का ऱ्हायलासा? उठा की.